तानसेनच्या डोंगरावर रुळताना

भारतीय कुटुंबाने नेपाळमध्ये जाऊन राहायचे ठरवले, तर त्याला व्हिसा लागत नाही, आणि शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बदललेला नसल्यामुळे हिशेबही सोपा राहतो. लिपी देवनागरी, घड्याळ केवळ पंधरा मिनिटे पुढे, ताटात वरणभात. त्यामुळे २०१३ च्या पावसाळ्यानंतर मी, माझे पती, अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी असे आम्ही चौघे नगर सोडून पाल्पा जिल्ह्यातील तानसेन या गावी मिशन हॉस्पिटलच्या कामासाठी निघालो, तेव्हा आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, बहुतेकांनी आम्हांला एकाच शब्दांत धीर दिला, की शेजारच्याच देशात चालला आहात, महिनाभरात रुळाल. त्या समजुतीत प्रेम होते, परंतु ती खरी नव्हती. कुटुंब म्हणून आपण एकत्र निघतो, एकत्र पोहोचतो, पण रुळतो मात्र एकेकटे. प्रत्येकाची गती वेगळी असते आणि ती गती आपल्यापेक्षा तिथली माणसे अधिक ठरवतात. हे मला कोणी आधी सांगितले असते, तर पहिली दोन वर्षे मी एवढी कासावीस झाले नसते.

मिशनरी घर म्हणजे काय असते, हे नगरच्या ख्रिस्ती माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले, आणि त्यांच्या शाळा, चर्चे, बंगले यांच्या सावलीत आमच्या चार-पाच पिढ्या वाढल्या. सिंथिया फेरार या बाई १८२७ मध्ये मुंबईला उतरल्या, पुढे नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि तिथेच त्यांचा अंत झाला. लहानपणी आम्ही जुन्या मिशनरी कबरींवरची नावे वाचत असू, त्यांत कित्येक तान्ह्या बाळांची असत, आणि आजी सांगे की ही लेकरे आपल्या उन्हात आणि आपल्या पाण्यात गेली. लोक आपल्या गावात येऊन राहिले, आता आपल्यापैकी कोणी दुसऱ्याच्या गावात जाऊन राहावे, हा विचार माझ्या मनात तेव्हापासूनच असावा. माझे पती सर्जन; मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती, आणि डोंगराळ भागात डॉक्टर मिळत नाहीत ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

तानसेनचा आपल्याकडच्या भूमीशी एक दुवा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग हे पक्ष्यांचे अभ्यासक होते. राणांच्या राजवटीत नेपाळ परक्यांना जवळजवळ बंद असताना ते १९४९ मध्ये पक्ष्यांच्या शोधात पाल्पापर्यंत गेले, पुढच्या फेरीत सोबत डॉक्टर होते, रोगी जमू लागले, आणि त्यातून तिथे दवाखाना काढावा असे नेपाळ सरकारचे आमंत्रण आले. ते काम अंगावर घेण्यासाठी वेगवेगळ्या देशांतील मिशन संस्थांनी मिळून जी संयुक्त संस्था स्थापन केली, ती १९५४ च्या मार्चमध्ये नागपुरात. सरकारशी झालेल्या करारात एक अट आरंभापासून स्पष्ट होती, की परदेशी मंडळींनी सेवा करावी, धर्मप्रसार करू नये. ही अट माझ्या दृष्टीने पुढच्या साऱ्या वर्षांची चौकट ठरली, म्हणून तिच्याविषयी पुढे थोडे विस्ताराने लिहिणार आहे.

गोरखपूरहून सुनौलीची सीमा ओलांडली की भैरहवा लागते, मग बुटवल, आणि बुटवलपासून सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. तानसेन सुमारे १,३५० मीटर उंचीवर श्रीनगर डांडा या डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. गावात सपाट जागा म्हणावी अशी टुंडिखेल हे मैदान सोडल्यास फारशी नाहीच. बाजारात नेवार व्यापाऱ्यांची जुनी घरे, ढाका कापडाचे माग, पितळेचे करुवा, म्हणजे तोटीचे तांबे, घडवणारे कारागीर, मध्यभागी शीतलपाटी या पांढऱ्या मंडपाचा चौक. हिवाळ्याच्या सकाळी खालचे माडी खोरे धुक्याने असे भरून जाते की गावकरी त्याला पांढरे तळे म्हणतात. आम्हांला हॉस्पिटलच्या आवारातच निवासस्थान मिळू शकत होते, परंतु आम्ही बाजाराच्या वरच्या अंगाला मगर जमातीच्या एका कुटुंबाच्या घराचा मधला मजला भाड्याने घेतला. घरमालक भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अशा माणसांना तिकडे लाहुरे म्हणतात. आम्ही त्यांना बा म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला आमा. हा आमचा सर्वांत चांगला निर्णय होता, हे मी आजही खात्रीने सांगते.

पहिले काही महिने भाषा शिकण्यात गेले. देवनागरी वाचता येत असल्यामुळे पाट्या आणि वर्तमानपत्रे लगेच वाचता आली, पण समोरच्याच्या वयाप्रमाणे, नात्याप्रमाणे आणि मानाप्रमाणे क्रियापद बदलत जाणारे बोलणे जिभेवर यायला पुष्कळ वेळ लागला. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला नात्यानेच हाक मारायची असते. मोठी बाई दिदी, धाकटी बहिनी, मोठा पुरुष दाइ, धाकटा भाइ, आणि हे ठरवण्यासाठी समोरच्याचे वय डोळ्यांनी अचूक जोखावे लागते. माझ्या पतींना हॉस्पिटलात भाषेची निकड होती आणि सहकारी दिवसभर हाताशी होते, त्यामुळे ते माझ्या पुष्कळ पुढे गेले. मुलगी तर बा आणि आमांच्या नातीबरोबर खेळता खेळता कोणी न शिकवता बोलू लागली. मी नगरच्या शाळेत मराठी शिकवणारी शिक्षिका. बोलणे हाच माझा व्यवसाय होता, आणि इथे भाजीवालीपाशी माझी वाक्ये तुटत होती. परक्या देशात काम घेऊन येणाऱ्याला त्या कामाचा आधार असतो, त्याच्या सोबत येणाऱ्याला तो नसतो. मिशन संस्थांनी जोडीदाराच्या या अवस्थेकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

पंचांगानेही बराच काळ गोंधळात ठेवले. नेपाळचे सारे व्यवहार विक्रम संवताने चालतात. सरकारी कागद, शाळेचा दाखला, वीजबिल, रुग्णाची नोंद, सगळीकडे तीच तारीख. वैशाखाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, वर्ष पालटते, आणि महिने सौर असल्यामुळे त्यांचे दिवस २९ पासून ३२ पर्यंत कितीही असू शकतात. चैत्र, वैशाख, आषाढ ही नावे आपलीच असूनही आपल्या तिथींशी त्यांचा मेळ बसत नाही. जेवणाचे वेळापत्रकही निराळे होते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पूर्ण डाळभात, दुपारी खाजा म्हणून चिवडा, भाजलेला मका किंवा एखादी प्लेट मोमो, आणि दिवस मावळल्यावर पुन्हा डाळभात. मुले पोटभर भात खाऊन शाळेत जात. न्याहारी आणि दुपारचे जेवण या आपल्या सवयी आम्ही फार दिवस टिकवल्या नाहीत. गुंद्रुकाची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची, आंबट आमटी पतींना पहिल्याच दिवशी आवडली. मला ती आवडायला दोन हिवाळे लागले.

उपासनेचा दिवस बदलणे हे मात्र मला अन्नाहून आणि भाषेहून जड गेले. आम्ही गेलो तेव्हा नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारची होती, रविवारपासून कामाचा आठवडा सुरू होई, आणि म्हणून नेपाळी मंडळ्या शनिवारी उपासनेला जमत. ज्या दिवशी नगरला ह्यूम मेमोरियल चर्चची घंटा होत असेल, त्या दिवशी मुले दप्तर घेऊन शाळेला निघत आणि पती शस्त्रक्रियागृहात असत. देवाला वाराचे बंधन नाही हे मी जाणून होते, तरी पहिले वर्षभर रविवारची सकाळ मला रिकामी वाटत राहिली. त्यासाठी आम्ही एक केले. रविवारी रात्री जेवणानंतर घरी मराठीत कौटुंबिक उपासना घ्यायची, शास्त्रवाचन मुलाने करायचे आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आपल्या चालींवर म्हणायची. बा कधी कधी जिन्यात बसून ती ऐकत. ही रीत आम्ही तिथून निघेपर्यंत मोडली नाही, आणि मुलांची मराठी तिनेच राखली.

शनिवारच्या उपासनेत आम्ही मागे बसत असू. चपला बाहेर काढून, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर, एका बाजूला स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष, मादल या ढोलकीच्या ठेक्यावर भजने, आणि शेवटी प्रत्येकाने प्रत्येकाला जयमसीह म्हणत हात जोडायचे. प्रवचन, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, निर्णय, पैसा, सारे मंडळीच्या नेपाळी वडिलांच्या, म्हणजे जबाबदार वडीलधाऱ्यांच्या, हाती. नेपाळमधली मंडळी पहिल्यापासून नेपाळी लोकांनीच उभी केली आणि त्यासाठी त्यांनीच किंमत मोजली, हे परदेशी माणसाने तिथे पाऊल ठेवण्याआधी समजून घेतले पाहिजे. जुन्या कायद्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याला एक वर्षाची आणि देणाऱ्याला सहा वर्षांची कैद होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी तर तानसेनमध्येच काही ख्रिस्ती माणसे याच कारणासाठी तुरुंगात गेली. १९९० च्या लोकशाही आंदोलनानंतर धर्मासाठी बंदिवासात असलेल्यांची सुटका झाली, २००६ मध्ये देश धर्मनिरपेक्ष घोषित झाला, आणि २०१५ च्या घटनेच्या कलम २६ ने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा हक्क दिला, पण त्याच कलमात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाईही घातली. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

नगरला सुट्टीवर गेलो की नातेवाईक विचारत, मग तुम्ही तिथे मिशनरी कसले? मी त्यांना जे उत्तर देत असे तेच इथे लिहिते. माझे पती झाडावरून पडलेल्या बाईचा मणका, चुलीत पडलेल्या पोराचा भाजलेला हात, धुराने फुप्फुसे निकामी झालेला म्हातारा यांच्यासमोर दररोज उभे राहत होते. जनावरांसाठी पाला तोडायला बाया उंच झाडांवर चढतात आणि पडतात, हे तिथल्या डोंगराचे नित्याचे दुखणे आहे. त्या बाईला आमच्याकडून उपचार हवे होते, ते नीट मिळाले पाहिजेत, आणि ते देताना तिच्या श्रद्धेवर आमची नजर असता कामा नये, कारण आजारी माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. आमचा विश्वास आम्ही कधी लपवला नाही. कोणी विचारले तर सांगितले. पण येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि परत आला तो एकच, तरी बाकीच्या नऊ जणांचा रोग पुन्हा उलटला असे शास्त्रात कुठे लिहिलेले नाही. सेवेवर अट घालायची नसते, हे मी या वचनावरून घेतले आहे आणि त्याविषयी माझ्या मनात कधीच संदेह आला नाही.

दसैं, म्हणजे तिकडचा दसरा, आला तेव्हा या साऱ्याची पहिली परीक्षा झाली. घटस्थापनेला जव पेरून त्याचे पिवळे जमरा उगवतात, आणि दशमीला घरातील वडीलधारी माणसे तांदूळ, दही आणि अबीर कालवून केलेला टिका धाकट्यांच्या कपाळी लावतात, जमरा कानामागे खोवतात, आशीर्वाद देतात, हातावर पैसे ठेवतात. दूरदूरच्या गावांना गेलेली लेकरे त्या एका आशीर्वादासाठी घरी येतात. बहुतेक नेपाळी ख्रिस्ती हा टिका घेत नाहीत, आणि त्यामुळे कित्येक घरांत आईबापांशी कायमचा दुरावा आलेला आहे. आमांनी आम्हां चौघांना दशमीला वर बोलावले. आमच्याकडेही आजोबांच्या पिढीत कुंकू, दिवाळी, सणाचा फराळ यांविषयी वाद झाले होते, आणि माझ्या मनाने विचारले असते तर मी टिका हा निव्वळ वडिलांचा आशीर्वाद मानून घेतलाही असता. परंतु ज्या बहिणींनी तो नाकारल्यामुळे माहेर गमावले होते, त्यांच्याच शेजारी मी दर शनिवारी बसत होते. पाहुणीने आपल्या सोयीने मोकळे व्हावे आणि त्यांचे दुःख पोरके करावे, हे मला पटेना. म्हणून मंडळीच्या पाळकांना विचारले. ते म्हणाले, जा, रिकाम्या हाताने जाऊ नका, अगोदरच जाऊन सांगा, ताटापाशी बसल्यावर सांगू नका.

त्याप्रमाणे मी दोन दिवस आधी फळे घेऊन आमांकडे गेले आणि माझ्या मोडक्या नेपाळीत त्यांना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, जेवाल ना? दशमीला त्यांनी आमच्या मुलांच्या डोक्यावर नुसताच हात ठेवला, सगळ्या नातवंडांना म्हणतात तो लांबलचक आशीर्वाद पुरा म्हटला आणि जेवायला वाढले. पुढच्या प्रत्येक वर्षी तसेच झाले. नाताळात आम्ही करंज्या आणि शंकरपाळे वर पाठवत असू, तिहारला, म्हणजे त्यांच्या दिवाळीला, त्यांच्याकडून सेलरोटी ही तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी येई.

माझे स्वतःचे रुळणे ज्या दिवसापासून सुरू झाले, तो दिवस अगदी अनपेक्षित होता. तिथे रुग्णाबरोबर घरचे कोणी तरी सतत राहते. त्याला कुरुवा म्हणतात. औषध आणणे, जेवण करणे, रुग्णाला उठवणे-बसवणे हे सारे कुरुवा पाहतो. दूरच्या गावातून सासूला घेऊन आलेली एक तरुण सून अशीच हॉस्पिटलच्या ओट्यावर बसलेली असे. नवरा पुण्यात एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीत पहारेकरी होता, त्याचा फोन लागत नव्हता, आणि सासूच्या शस्त्रक्रियेचा निर्णय मुलाला विचारल्याशिवाय घरची मंडळी घेत नव्हती. पश्चिम नेपाळच्या डोंगरातली कित्येक घरे मुंबई, पुणे, दिल्ली आणि आखाती देशांतून येणाऱ्या पैशांवर चालतात, हे मी ऐकून होते, पण त्याचा अर्थ त्या ओट्यावर मला कळला. तिच्याजवळ सोसायटीच्या कार्यालयाचा क्रमांक एका चिठ्ठीवर होता. मी पुण्याला फोन लावला, सचिवांशी मराठीत बोलले, परिस्थिती समजावून सांगितली, आणि त्या गृहस्थांनी तासाभरात त्या मुलाला फोनवर आणून बसवले, पुढे रजा आणि उचलही दिली. त्यानंतर ओट्यावरच्या बायका मला शोधत येऊ लागल्या. कोणाचा भाऊ नाशिकला, कोणाचा बाप मीरा रोडला. मी हॉस्पिटलच्या परवानगीने रोज दुपारी तिथे बसू लागले. फोन लावणे, चिठ्ठ्या लिहिणे, डॉक्टरांचे म्हणणे सोपे करून सांगणे, आणि पुष्कळदा नुसते ऐकणे. ज्या भाषेचा इथे काही उपयोग नाही म्हणून मी रडले होते, तिच्यामुळेच मला तिथे काम मिळाले. माझी नेपाळी सुधारली तीही त्या ओट्यावर.

२०१५ हे वर्ष आम्हांला सर्वांत कठीण गेले. १२ वैशाखला, म्हणजे २५ एप्रिलला, सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तो शनिवार होता. शाळा रिकाम्या होत्या म्हणून हजारो मुले वाचली, आणि नेमक्या त्याच कारणाने चर्चे भरलेली होती. आम्हीही उपासनेतच होतो. तानसेनला जमीन बराच वेळ हलत राहिली, परंतु आमच्या बाजूला नुकसान थोडे झाले. गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ केंद्र असलेल्या त्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने देशभरात जवळजवळ नऊ हजार माणसे नेली, आणि उपासनेच्या वेळीच इमारती कोसळल्यामुळे मंडळ्याच्या मंडळ्या गाडल्या गेल्याच्या बातम्या पुढे येत राहिल्या. आमच्या मंडळीत ज्यांचे नातेवाईक तसे गेले, त्यांच्याबरोबर आम्ही पुढचे कित्येक शनिवार भजन म्हणता न येता बसलो आहोत. तेव्हा शनिवार हा माझाही उपासनेचा दिवस झाला. रविवारची हुरहूर त्यानंतर मला आठवत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी घटना लागू झाली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट प्रदेशात, आंदोलन पेटले आणि भारतातून येणारा माल सीमेवर अडकला. नेपाळी लोकांच्या दृष्टीने ती भारताने लादलेली नाकाबंदी होती. भारत सरकारने तसे नसल्याचे सांगितले. कारणांच्या वादात मी शिरत नाही. फेब्रुवारीपर्यंत पेट्रोल, गॅस आणि औषधे यांचे हाल झाले, गॅसचे सिलिंडर अर्धेच भरून मिळू लागले, आणि भूकंपाने बेघर झालेली माणसे त्या थंडीत पत्र्याखाली होती. राग भारतावर होता आणि गावात आम्ही भारतीय होतो. युरोपीय सहकाऱ्यांना जे कधी सोसावे लागले नाही, ते आमच्या वाट्याला आले. बाजारात एक-दोन दुकानदार आमच्याशी बोलेनासे झाले. मुलाला शाळेत भारतीयांसाठी वापरली जाणारी एक हेटाळणीची शिवी मुले रोज ऐकवू लागली, आणि शिक्षक ते ऐकूनही गप्प राहत. तो तेरा वर्षांचा होता. तोवर दोन वर्षांत त्याने मोठ्या कष्टाने जी चार-पाच मित्रांची मंडळी जमवली होती, ती त्या हिवाळ्यात विस्कटली. तो घरी येऊन काहीच बोलत नसे, आणि धाकटी मात्र वरच्या मजल्यावर आमांच्या कुशीत बसून त्यांच्याच भाषेत गाणी म्हणत असे. एकाच घरात, एकाच संध्याकाळी, एक मूल त्या देशाचे झालेले आणि दुसरे त्याने नाकारलेले, हे पाहणे आई म्हणून फार अवघड होते.

आमचा गॅस संपला तेव्हा आमा खाली आल्या आणि म्हणाल्या, आजपासून आपली चूल एकच. सामुदायिक वनाच्या समितीने ठरवून दिलेल्या दिवशीच जंगलातून लाकूड आणता येते, आणि प्रत्येक घराचा वाटा ठरलेला असतो. आमचा त्यात हक्क नव्हता. बांनी समितीपुढे जाऊन आमचे नाव आपल्या घरात धरायला लावले. त्या महिन्यांत आम्ही दोन्ही घरांचा स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर एकत्र केला, ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट उकडा, ओढायला मी तिथेच शिकले, आणि बा पलटणीतल्या गोष्टी हिंदीत मुलाला सांगत. त्यांनीच एके दिवशी त्याला सोबत घेऊन शाळा गाठली, मुख्याध्यापकांसमोर बसले आणि म्हणाले, मी तीस वर्षे या मुलाच्या देशाची भाकरी खाल्ली आहे, पेन्शन अजून खातो, याला काही म्हणायचे असेल तर मला म्हणा. चिडवणे बरेचसे थांबले. पण जे तुटले ते पूर्वीसारखे जुळले नाही. मुलगा बांचा फार लाडका झाला, गावाचा मात्र होऊ शकला नाही.

नववीच्या आधी आम्ही त्याला विचारले. नेपाळची शालान्त परीक्षा आणि महाराष्ट्राचे मंडळ यांचा अभ्यासक्रम जुळत नाही, मराठी विषय सुटतो, आणि निर्णय लांबवला तर वर्ष वाया जाण्याची भीती होती. दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत मुलांना पाठवणे ही मिशनरी कुटुंबांची जुनी वाट आहे. ती मला कधीच पटली नव्हती. त्याने स्वतःच नगरला आजी-आजोबांकडे जायचे ठरवले, आणि शेवटची दोन वर्षे आमचे कुटुंब दोन देशांत राहिले. पतींनी त्या काळात सगळ्यात अधिक शस्त्रक्रिया केल्या, दोन नेपाळी तरुण सर्जन तयार केले, आणि घरी मुलाचे नाव निघाले की उठून बाहेर जात. आपल्या पाचारणाची किंमत मुलाने दिली, हे आम्ही दोघेही जाणतो. ती द्यायला लावणे योग्य होते का, याचे उत्तर मी देवापुढे अनेकदा मागितले आहे, आणि मुलाशीही आम्ही त्याविषयी मोकळेपणाने बोललो आहोत. तो म्हणतो की बा त्याला मिळाले, ते नगरला मिळाले नसते. माझे समाधान करण्यासाठी तो तसे म्हणत असेल, असे मला कधी कधी वाटते.

२०१९ मध्ये त्या तरुण सर्जनांच्या हाती काम सोपवून आम्ही परतलो. मुलगी अकरा वर्षांची होती, आणि आता परके होण्याची पाळी तिची होती. मराठी तिला येत होती, पण ती बोलताना नेपाळी हेल येई, भावंडे हसत, आणि दसैंच्या दिवसांत ती जेवत नसे. या वेळी मात्र महिनाभरात रुळेल असे आम्ही कोणी म्हणालो नाही. तिला आमांशी दर शनिवारी फोनवर बोलू दिले, नेपाळी पुस्तके मागवली, आणि पुण्यात नेपाळी कुटुंबे जमतात अशा एका मंडळीच्या उपासनेला तिला अधूनमधून घेऊन गेलो.

गेल्या वर्षी आमच्या भागातून एक तरुण जोडपे दोन मुलांसह परदेशी सेवेसाठी निघाले, तेव्हा ते आमच्याकडे येऊन बसले. मी त्यांना एवढेच सांगितले. आवारातले घर घेऊ नका, गावात तिथल्या कुटुंबाबरोबर राहा. पहिल्या वर्षी पत्नीच्या भाषाशिक्षणासाठी नवऱ्याइतकाच वेळ आणि पैसा संस्थेकडून मागून घ्या. स्थानिक मंडळीच्या वडिलांना विचारल्याशिवाय सणावाराविषयी काही ठरवू नका. मोठ्या मुलाच्या शाळेचा निर्णय निघण्याआधी, त्याला समोर बसवून करा, आणि तो नको म्हणाला तर निघण्याची तारीख पुढे ढकला. त्यांनी तारीख सहा महिने पुढे ढकलली आहे.